बंबलबी गोबीची टाकी : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते ऑगस्ट २०२५

५ जानेवारी

टाकी आली. दीड फूट लांब, फूटभर रुंद, फूटभर उंच, पाच मिलिमीटरची काच. काठोकाठ भरली तर ४२ लिटर. वाळू-दगड गेल्यावर ३५ लिटरच्या आसपास पाणी उरेल. यात बंबलबी गोबी राहतील, दुसरं कोणीही नाही.

हा मासा पूर्ण वाढला तरी तीन-साडेतीन सेंटिमीटरचा. अंगावर पिवळे आणि काळे उभे पट्टे. पोटाखालचे दोन पर एकमेकांना जुळून त्यांची वाटी झालेली असते आणि त्या वाटीने तो काचेला, दगडाला, पाइपला चिकटून बसतो. खाडीच्या चिखलावर उड्या मारणारी निवटी आपण ठाण्यात सगळ्यांनी पाहिलेली आहे. ती याची जवळची नातेवाईक. दोन्ही परांवर रेलून बसायची ढब आणि डोळे फिरवून अंदाज घ्यायची सवय अगदी तीच.

मासे पाळणाऱ्यांत याचं नाव चांगलं नाही. नाजूक आहे, महिन्याभरात जातो, असं म्हणतात. इतरांच्या टाक्यांमध्ये जे पाहिलं त्यावरून माझं मत वेगळं झालं आहे: हा मासा आजाराने क्वचित जातो, बहुतेकदा उपाशी राहून जातो. त्याला हलणारं भक्ष्य दिसतं, पडलेला दाणा दिसत नाही. फ्लेक्स टाकले की वरच्या वर गप्पी आणि टेट्रा ते संपवतात, हा दगडाखालून बघत राहतो, आणि घरच्यांना वाटतं की सगळ्यांनी खाल्लं. म्हणून इथे क्रम वेगळा ठेवायचा: आधी खाद्य, मग पाणी, सर्वांत शेवटी मासे. जिवंत खाद्य घरात महिनाभर खंड न पडता तयार झालं तरच मासे आणायचे.

१२ जानेवारी

ग्रिंडल वर्मचं विरजण डोंबिवलीच्या एका मित्राकडून आणलं. पांढरे, बारीक धाग्यासारखे, सेंटिमीटरभराच्या आतले किडे. आइस्क्रीमच्या डब्यात कोकोपीट भिजवून, मुठीत दाबल्यावर पाणी गळणार नाही इतपत पिळून भरलं. झाकणाला भोक पाडून त्यावर कापडाचा तुकडा चिकटवला, नाहीतर माश्या आणि चिलटं शिरतात. वर चिमूटभर भिजवलेले ओट्स आणि त्यावर काचेचा छोटा तुकडा. किडे खायला वर येतात, काचेला खालून चिकटतात, काच उचलून पाण्यात धुतली की खाद्य तयार.

एकाच डब्यावर विसंबायचं नाही. तीन डबे केले, तीन वेगळ्या जागी. एकात बुरशी किंवा गोचिडीसारखे बारीक माइट्स शिरले तरी दुसरे वाचतात.

१९ जानेवारी

आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या बारीक कोळंबीसारख्या जिवाची सोय. दोन लिटरची पाण्याची बाटली, बूड कापून उलटी टांगली. बुचातून हवेची नळी. लिटरला २५ ग्रॅम खडे मीठ, चिमूटभर खायचा सोडा, कारण आपलं नळाचं पाणी मृदू, म्हणजे कमी क्षारांचं आहे आणि आर्टेमियाची अंडी अल्कधर्मी पाण्यात जास्त फुटतात. लिटरला साधारण ग्रॅमभर अंडी, वर दिवा. २७-२८ अंश तापमान असेल तर २४ तासांत पिल्लं बाहेर येतात. या थंडीत ३६ तास लागले.

हवा बंद करून दहा मिनिटं थांबायचं. रिकामी टरफलं वर तरंगतात, न फुटलेली अंडी तळाशी बसतात, नारिंगी पिल्लं उजेडाकडे धावतात. बाटलीच्या खालच्या बाजूला टॉर्च धरून तिथूनच नळीने ओढून घ्यायची. मग बारीक जाळीत गोड्या पाण्याने धुवायची, म्हणजे मीठ टाकीत जात नाही. फुटल्यापासून जितक्या लवकर माशांच्या पोटात जातील तितकं चांगलं. पोटातला बलक संपत गेला की पिल्लू नुसतं टरफल-पाणी उरतं.

२६ जानेवारी

पाणी मोजलं. महापालिकेचा नळ: टीडीएस (विरघळलेले एकूण क्षार) ९०, जीएच (एकूण जडपणा) ३, केएच (कार्बोनेटचा जडपणा) ३, पीएच ७.२. सह्याद्रीवर पडलेला पाऊस धरणात साठून येतो, वाटेत बेसॉल्टशिवाय काही लागत नाही, त्यामुळे ठाणे-मुंबईचं पाणी असं हलकं. टेट्रा ठेवायला उत्तम. खाडीमुखाच्या आसपास वाढलेल्या गोबीला मात्र ते फार पातळ.

पाणी जड करायला चुनखडी हवी. दुकानात कोरलचा चुरा मिळतो, पण आपल्या स्वयंपाकघरातून तिसऱ्यांच्या शिंपल्या दर महिन्याला कचऱ्यात जातात, आणि त्या म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटच. आईला सांगून ठेवलं. ती म्हणाली, "बाजूला काढून ठेवते रे, पण घरात वास सुटता कामा नये." उकळून, ब्रशने घासून, गच्चीत कडक उन्हात वाळवल्या की वास राहत नाही. खलबत्त्यात जाडसर कुटून, नायलॉनच्या पिशवीत घालून स्पंज फिल्टरच्या शेजारी ठेवल्या. आणखी एक पिशवी पाणी साठवायच्या पिंपात, एअर स्टोनच्या (हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या) वर, म्हणजे बदलायचं पाणीही आधीच थोडं जड होईल. हे काम सावकाश चालतं, पण उलटीकडे एकदम फिरत नाही, म्हणून मला बाटलीतल्या रसायनापेक्षा हे आवडतं. मॅग्नेशियमसाठी औषधाच्या दुकानातलं एप्सम सॉल्ट, चिमूटभर.

९ फेब्रुवारी

मासे न घालता टाकी पिकवणं, म्हणजे माशांची घाण पचवणारे जीवाणू वाढवणं चालू. अमोनियाचे थेंब टाकून दोन पीपीएम (लिटरला दोन मिलिग्रॅम) ठेवतोय. नायट्राइट दिसू लागलं आहे, म्हणजे जीवाणू कामाला लागले. तळाला बारीक नदीची वाळू, नीट धुतलेली.

घरं रचली. या माशाला उंची नको, कोपरे हवेत. अर्ध्या इंची पीव्हीसी पाइपचे दोन-अडीच इंचांचे तुकडे, फुटक्या कुंडीचे तुकडे, चार-पाच रिकामे शंख, आणि या सगळ्यांच्या मधे उभे दगड. एका बिळातून दुसऱ्या बिळाचं तोंड दिसू नये हे बघायचं. नर आपल्या दारापुढची थोडी जागा स्वतःची मानतो, आणि शेजारी सतत नजरेसमोर राहिला तर दोघेही खाणं सोडून भांडत बसतात. जावा फर्न आणि जावा मॉस दगडांना दोऱ्याने बांधले. दोन्हीला जड पाणी चालतं.

२३ फेब्रुवारी

मिठाचा प्रश्न आज निकालात काढला.

बंबलबी गोबी म्हटलं की पहिला सल्ला मिठाचा येतो. त्यात तथ्य आहे, पण अर्धंच. बंबलबी गोबींच्या ब्रॅकिगोबियस या प्रजातीत (जीनसमध्ये) अनेक जाती आहेत आणि त्या एकाच पाण्यात राहत नाहीत. ब्रॅकिगोबियस झँथोमेलास मलेशियाच्या दलदलीतल्या आम्ल, मृदू, पूर्ण गोड्या पाण्यातला. ब्रॅकिगोबियस मेकाँगेन्सिस मेकाँगच्या गोड्या पाण्यातला. त्याचं वर्णन २००० साली झालं. ब्रॅकिगोबियस नुनस आपल्या बंगालकडचा. निसर्गअभ्यासक हॅमिल्टनने गंगेच्या माशांवरच्या ग्रंथात १८२२ साली त्याची नोंद केली. दुकानांत येणारे बहुतेक डोरिए किंवा सबानस जातीचे असतात, हे बोर्निओ आणि आजूबाजूच्या किनाऱ्यालगतचे. पाटीवर मात्र बऱ्याचदा झँथोझोनस लिहिलेलं असतं आणि तो खरा झँथोझोनस व्यापारात क्वचितच दिसतो.

डोरिए आणि सबानस थोड्या खाऱ्या पाण्यात सुखाने राहतात, तसेच जड, अल्कधर्मी गोड्या पाण्यातही राहतात. त्यांना सोसत नाही ते मृदू आणि आम्ल पाणी. मीठ घातल्याने जे मासे "सुधारले" असं लोक सांगतात, तिथे बऱ्याचदा मिठाबरोबर पाण्याचा जडपणाही वाढलेला असतो. मी टाकी बिनमिठाची ठेवणार. मॉस टिकेल, पाणी बदलणं सोपं राहील. पुढे पिल्लांची वेळ आली तर तेव्हा वेगळा विचार.

आजचं माप: जीएच ८, केएच ७, पीएच ७.८. अमोनिया शून्य, नायट्राइट शून्य. ग्रिंडलचे तिन्ही डबे भरलेले.

९ मार्च

दुकानात मासे बघितले, घेतले नाहीत. टाकीत चाळीसएक बंबलबी, त्यांतल्या निम्म्यांची पोटं आत गेलेली. बाजूने पाहिलं तर डोक्यामागून शेपटीपर्यंत अंग निमुळतं होत गेलेलं, डोकं मोठं वाटावं इतकं. पट्टे विटलेले. दुकानदार म्हणाला, "सर, काही टेन्शन घेऊ नका, हे पेलेट खातात." मी म्हटलं, "भाऊ, माझ्यासमोर एकदा टाकून दाखवता?" त्यांनी टाकले. पेलेट वाळूवर पडले, एकही मासा हलला नाही.

इतके खंगलेले मासे घरी आणून भरपूर खाऊ घातलं तरी त्यांतले बरेच वाचत नाहीत. मासा निवडताना रंगाआधी पोट बघावं. पोटाची रेघ सरळ किंवा किंचित बाहेर असावी, आणि जाळी जवळ आणली की त्याने उडी मारून जागा बदलावी.

१६ मार्च

दुसऱ्या दुकानात नवा माल आला होता, कालच्या खोक्यातला. आठ घेतले, एकेक बघून. पोटं ठीक. पिशवी टाकीत तरंगत ठेवली, नंतर तासभर थेंबथेंब पाणी सोडून सवय केली, कारण दुकानाचं पाणी टीडीएस १४० आणि माझं ३१०. तापमानापेक्षा हा फरक जास्त बाधतो.

सोडल्यावर सगळे वाळूवर टेकले आणि काळपट झाले. दिवा बंद.

१७ मार्च

सकाळी आर्टेमिया पिचकारीने सोडला. एक मासा शंखामागून पुढे आला, थांबला, मान वळवल्यासारखा कलला आणि झडप. मग दुसरा. दहा मिनिटांत सहा जण खात होते, आणि नारिंगी पोटं पातळ कातडीतून दिसत होती. काय खाल्लं हे बाहेरून दिसतं, ही या माशाची फार मोठी सोय आहे. उरलेले दोघे फर्नखाली.

१८ मार्च

आठही जणांनी खाल्लं. लेक मोजत होती, "बाबा, तो शेवटचा पण नारिंगी झाला!"

३० मार्च

खाण्याचं वेळापत्रक स्थिरावलं. सकाळी आर्टेमिया, संध्याकाळी ग्रिंडल. बाल्कनीत बादलीत मोईना, म्हणजे पाण्यातला पिसूएवढा जीव वाढवलाय, यीस्टच्या अगदी पातळ पाण्यावर. त्याच्याच जातकुळीतल्या डॅफ्नियापेक्षा त्याला आपली उष्णता जास्त मानवते. बादलीला बारीक जाळी घट्ट बांधलेली. डासांच्या अळ्या या माशांना अतिशय आवडतील हे खरं, पण डेंगीचा डास अशाच स्वच्छ साठलेल्या पाण्यात अंडी घालतो. सोसायटीत लहान मुलं आहेत. माझ्या माशांच्या जेवणासाठी मी ती जोखीम घेणार नाही.

बाजारातला ट्युबिफेक्स नावाचा बारीक लाल किडाही नको. तो गटारालगतच्या गाळातून येतो, कितीही धुतला तरी माझा त्यावर विश्वास नाही. गोठवलेला ब्लडवर्म (लाल अळी) चालतो, पण ब्लेडने चिरून. अख्खा या तोंडात मावत नाही. हातमोजे घालावेत, काही जणांना त्याची ॲलर्जी होते. चिमट्याने धरून हलवला तर दोन मासे आता चिमट्यावरून घेतात.

२० एप्रिल

उन्हाळा. टाकीचं पाणी संध्याकाळी ३२ अंशांवर. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, म्हणून स्पंज फिल्टरची हवा वाढवली, वरची काच काढून जाळी टाकली आणि छोटा पंखा पाण्याच्या पृष्ठभागावर लावला. पाणी २९ वर आलं. बाष्पीभवन मात्र जोरात. घटलेलं पाणी भरताना पिंपातलं जड पाणी घालायचं नाही, साधं नळाचं घालायचं. उडतं ते नुसतं पाणी, क्षार टाकीतच राहतात. जड पाणी भरत गेलो असतो तर महिन्याभरात माप कुठल्या कुठे गेलं असतं.

मोठी काळजी ग्रिंडलची होती. तीस अंशांच्या वर ते खंगतात. स्वयंपाकघरात माठाखालचं लाकडी तिवईवजा स्टँड आहे. माठाला बांधलेल्या ओल्या फडक्याचा गारवा तिथे कायम असतो. दोन डबे तिथे हलवले. खालच्या फळीवर २७ अंश भरलं, ओट्यावर त्याच वेळी ३३. ओट्यावर राहिलेला तिसरा डबा आठवड्यात संपला, माठाखालचे दोन्ही भरघोस.

दुपारची वीज तीन तास गेली. बॅटरीवरचा एअर पंप लावला.

१८ मे

आता एकेकाची ओळख पटते. मधल्या पाइपमधला नर सगळ्यांत गडद. पिवळे पट्टे आक्रसून मातकट झालेले. तो दारात बसतो, कोणी जवळ आलं की पर पसरून तोंड उघडतो. चावाचावी नाही, पर फाटलेले नाहीत. तीन माद्या असाव्यात असा अंदाज: पोट गोल, पट्टे फिकट.

१ जून

मधल्या पाइपमधला नर दोन दिवस बाहेर आला नव्हता, खाद्यही दारातच घेत होता. टॉर्चने पाहिलं. पाइपच्या छताला आतून अंडी! लांबट, पारदर्शक, एका टोकाने चिकटलेली, शंभरच्या पुढे असतील. नर खाली उलटा-सुलटा होऊन परांनी वारा घालतोय.

मागच्या आठवड्यात निम्मं पाणी बदललं होतं आणि मोईना भरपूर दिला होता. गोबीच्या बाबतीत विणीला बहुधा हेच दोन लागतात, भरलेलं पोट आणि ताजं पाणी.

४ जून

अंड्यांत डोळे दिसतात, दोन-दोन काळे ठिपके. पाइप पाण्याखालीच एका डब्यात घेऊन दहा लिटरच्या वेगळ्या टाकीत नेला. नराच्या वाऱ्याच्या जागी एअर स्टोन, बुडबुडे अंड्यांना घासून जातील असे, थेट लागणार नाहीत असे. काही जण नराजवळच फुटू देतात, पण पिल्लं मोठ्यांच्या टाकीत एक दिवसही वाचणार नाहीत.

या टाकीत लिटरला दोन ग्रॅम समुद्री मीठ घातलं. पिल्लांपेक्षाही ते त्यांच्या खाद्यासाठी: किंचित खाऱ्या पाण्यात आर्टेमिया जास्त वेळ जिवंत राहतो, मरून पाणी नासवत नाही.

८ जून

रात्री फुटली. पिल्लं म्हणजे पाण्यात लटकलेले काचेचे तुकडे, डोळे तेवढे दिसतात. मोठे आयुष्यभर तळाला चिकटून राहतात आणि ही वर, उजेडाकडे तरंगतायत. किनाऱ्याकाठच्या नद्यांत अशी पिल्लं प्रवाहाबरोबर वाहत जात असणार.

आर्टेमिया यांच्या तोंडाला मोठा. भाताचा पेंढा उकळून ठेवलेल्या पाण्यात पॅरामिशियम हा एकपेशीय सूक्ष्मजीव वाढवला होता, मे महिन्यातच. तो दिवसातून चार वेळा, ड्रॉपरने, थोडा थोडा. शिवाय सूक्ष्म शेवाळाचं हिरवं पाणी, टाकी फिकट पोपटी दिसेल इतकंच.

१५ जून

मोठी गळती झाली. पन्नासएक उरलेत. ज्यांनी पहिल्या दोन दिवसांत खाल्लं नाही ते गेले. भिंगातून पोट रिकामं दिसत होतं. उरलेल्यांपैकी मोठ्यांनी आज आर्टेमिया घेतला, पोटं नारिंगी झाली. लहानांसाठी पॅरामिशियम चालूच.

२२ जून

पाऊस जोरात. नळाला गढूळ पाणी आणि क्लोरीनचा उग्र वास. पावसाळ्यात शुद्धीकरणात क्लोरीन वाढवतात, तो पिल्लांना क्षणभरही सोसणार नाही. पिंपात क्लोरीन घालवणारे हायपोचे (सोडियम थायोसल्फेटचे) खडे, वर दिवसभर हवा, मगच वापर. मोठ्यांचं पाणी बदलणं दर आठवड्याला, पिल्लांचं रोज पेलाभर, नळीने, तेही आत जाणारं पाणी थेंबथेंब.

६ जुलै

काही पिल्लं काचेवर बसू लागली! पोटाखालची वाटी तयार झाली. बसल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पहिला काळा पट्टा उमटतो, शेपटीकडून. तरंगणारी आणि बसलेली अशी दोन्ही एकाच टाकीत आहेत, तोवर खाद्य पाण्यात वरही हवं आणि तळाशीही हवं.

२० जुलै

सगळी बसली. बत्तीस. सेंटिमीटरभराची, पट्टे पूर्ण. बारीक चिरलेला ग्रिंडल घेतात. मीठ दर पाणीबदलात कमी करत आणलं, आता शून्य.

३ ऑगस्ट

ओळखीच्यांकडून मागणी येतेय. मी एकच अट ठेवली आहे: आधी ग्रिंडलचा डबा घेऊन जा, महिनाभर चालवून दाखवा, मग सहा मासे न्या. सहाच्या खाली देणार नाही; दोघेच ठेवले तर जो दांडगा असतो तो दुसऱ्याला खाऊ देत नाही. एकाने विचारलं, गप्पींबरोबर ठेवले तर? नको. गप्पी जिवंत खाद्य त्यांच्या आधी संपवतील. नाइट गोबीबरोबरही नको, तो आठ-नऊ सेंटिमीटरचा होतो आणि बंबलबी त्याच्या तोंडात सहज मावतो. डबे तिघांनी नेले.

१७ ऑगस्ट

मधल्या पाइपात पुन्हा अंडी, आणि डावीकडच्या शंखात दुसऱ्या नरानेही. या वेळी रोटिफर (आर्टेमियाहून बारीक जलजीव) मिळवले आहेत, अंडी फुटायच्या आत त्यांची बाटली दाट व्हायला हवी. पहिल्या दोन दिवसांतली उपासमार थांबली तर किती वाचतात ते कळेल. शंखातली अंडी नराजवळच ठेवतोय, पाइपमधली परवा हलवीन.